एक गोल, मधून एक रेघ

७ जानेवारी, मंगळवार

चौतीस वर्षं रोज टाचण काढलं. उद्या वर्गात काय शिकवायचं, फळ्यावर कोणती आकृती काढायची, गृहपाठ कोणता, सगळं आदल्या संध्याकाळी लिहायचं आणि सकाळी हेडमास्तरांच्या सहीला ठेवायचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आता सही करायला कोणी नाही, पण आज पुन्हा मुलांसमोर उभी राहिले आणि घरी आल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून ही वही. हे टाचण नव्हे. बाईंनी तीनदा घाम पुसला असं टाचणात लिहायची सोय नसते.

गळ घातली सुगंधाने. ती माझी जुनी विद्यार्थिनी, नववीत माझ्याच भूमितीत नापास होऊन वर्ष गेलेली. आता भटवाडीच्या टेकडीवर मंडळाच्या खोलीत बालवाडी चालवते. म्हणाली, "बाई, माझी चौदा मुलं जूनमध्ये पहिलीत जातील. मंगळवार-शुक्रवार येऊन त्यांना आकार शिकवा ना. माझी भूमिती कशी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे." टोमणा असेल तर तो हसत मारला.

खोलीत गणपतीच्या सजावटीचे खोके, ढाली आणि भिंतीला टेकवलेला कॅरम. मुलं सतरंजीवर. मी पुठ्ठ्याचे आकार कापून नेले होते. त्रिकोण दाखवला. "समोसा!" वर्तुळ. "पुरी!" चौरस. "कॅरम!" ठीक, म्हटलं चालेल. मग तोच चौरस एका कोपऱ्यावर उभा धरला.

"शंकरपाळी!" सगळे एका सुरात.

मी म्हटलं, अरे, हा तोच चौरस. विकी नावाचा एक मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "नाय बाई, आता तो शंकरपाळी झाला." चार बाजू समान, चारही कोन काटकोन, दहावीला हे एका वाक्यात संपायचं. इथे अख्खा तास पुरला नाही. नाकी नऊ आले.

सुगंधा म्हणाली, "बाई, सिद्ध करत बसू नका. फिरवून दाखवा."

आता हिने मला शिकवायचं! उतरताना वाट चुकले. टेकडीवरच्या सगळ्या पायऱ्या मला एकसारख्या दिसतात.

१० जानेवारी, शुक्रवार

फिरवून दाखवलं. चौरस जमिनीवर ठेवला आणि मुलांनाच भोवती फिरायला लावलं. विकी मान वाकडी करकरून ओरडायला लागला, "बाई, हितनं कॅरम! हितनं शंकरपाळी!"

"मग आहे काय ते?"

देवेश विचार करून म्हणाला, "दोन्ही." त्याला मनातल्या मनात अर्धा गुण दिला. जास्त देणार नाही.

एक मुलगी जागची हलली नाही. अक्षता. सहा वर्षांची, बारीक, दोन घट्ट वेण्या, बोलणं अगदी मोजकं. म्हटलं, तूही फिर ना गं. तर म्हणते, "कशाला? चौरसच आहे तो." बाकीच्यांचं ऐकून म्हणाली असणार.

घरी विद्याधरांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकून घ्यायला वेळ असतो, पण ऐकतात की पेपर वाचतात ते कळत नाही. शेवटी म्हणाले, "ती न हलणारी मुलगी हुशार दिसते." म्हणजे नीट ऐकलंच नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज चित्रं. विषय 'माझं घर आणि घरातली माणसं'. आकार ओळखता येतात का, ते चित्रात लगेच कळतं. देवेशने चौकोनी घर, त्रिकोणी छप्पर काढलं. तो राहतो पत्र्याच्या सपाट छपराखाली, तरी घर म्हटलं की त्रिकोण. विकीने सगळ्यांना सुपाएवढे कान काढले.

अक्षताने मात्र पानभर गोल काढून ठेवले. लहान गोल, मोठे गोल, गोलात गोल. म्हटलं, आई कुठली यातली? तिने बोट ठेवलं. एक गोल, त्याच्या मधून एक सरळ रेघ, आणि गोलाला चिकटून मागे आणखी एक छोटा गोल. बाबा कुठले? दुसरा गोल, त्यात चकलीसारखं काहीतरी गरगरीत.

"हात कुठे आहेत आईचे? पाय कुठे आहेत?"

"पाय दिसत नाहीत."

"कसे दिसत नाहीत? आई चालते ना? नीट बघत जा."

तिने मान हलवली. तिला वाईट वाटलं असेल, पण चूक दाखवली नाही तर मूल शिकणार कसं? मी वर्गात कधी आवाज चढवला नाही, आजही नाही. मुलं मला कडक म्हणायची, ते काही खरं नव्हतं. मी नियमाने वागायचे, एवढंच.

चित्र घरी आणलं आहे. सहा वर्षांच्या मुलीला गोलाखेरीज दुसरा आकार सुचू नये, याची काळजी वाटते.

३१ जानेवारी, शुक्रवार

हसू नये, पण आज पुन्हा वाट चुकले. दोनदा फिरून त्याच नळापाशी आले. तिथे अक्षता हंड्यांच्या रांगेत आईसाठी नंबर लावून उभी होती. "बाई, रस्ता हवाय?" मी म्हटलं, हो गं बाई.

ती खाली बसली, पायरीवरच्या धुळीत बोटाने रेघ ओढली. रेघ वळवली, एक ठिपका, एक गोल, पुन्हा वळण. "हा नळ. ही टाकी. इथनं असं. मग रिक्षा."

मी म्हटलं, टाकी म्हणजे नुसता गोल कसा असेल, टाकी केवढी उंच असते! पण तिने सांगितलं तशी गेले आणि चार मिनिटांत खाली रिक्षापाशी पोचले. एरवी वीस मिनिटं लागतात. पोरगी चुणचुणीत आहे, यात वाद नाही. आकाराच्या बाबतीतच असं का होतं कोण जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुगंधाचं टेबल मध्ये ओढलं, वर तिचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवली. दिसतं तसं काढा म्हटलं. समोरून टेबल कसं दिसतं, बाटली डब्यापेक्षा किती उंच, हे मुलांनी टिपायला हवं. बहुतेकांनी बरं काढलं. गार्गीने तर टेबलाखाली बसलेली मांजरही काढली, ती कालची होती.

अक्षताने एक मोठा आयत काढला, त्यात एक छोटा आयत आणि एक छोटा गोल. संपलं. टेबलाला पाय नाहीत, बाटलीला उंची नाही.

"पाय?"

"आहेत."

"कुठे?"

"खाली आहेत." आणि आयताच्या चार कोपऱ्यांवर बोट ठेवून दाखवलं.

खाली असतील तर खाली काढ ना बाळ! तिला आत, वर, खाली यातला फरकच कळत नसावा. एक नोंद करून ठेवते, डबा आणि बाटली यांच्यातलं अंतर, टेबलाच्या कडेपासूनचं अंतर, अगदी बरोबर होतं. पट्टीने मोजल्यासारखं. अंदाज लागला असेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग सुटल्यावर अक्षताची आई भेटायला आली. श्वेता नाव. तिशीची असेल, हाताला कणीक तशीच. देवगडकडची माणसं, सासरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर गावी परतले. नवरा हर्षद लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. ही सकाळी सातपासून डब्यांच्या चपात्या लाटते, संध्याकाळी पुन्हा.

"बाई, हिचं कसं काय आहे ते एकदा नीट सांगा," म्हणाली. "सासू म्हणतात गावाला पाठव, इथे काय करते ती. दोन शेगड्या पेटलेल्या, तवे तापलेले, मी हिला खाली ठेवतच नाही. मागच्या वर्षी हात भाजून घेतलान. तिकडे निदान अंगण आहे. पण इथे शिकत असेल ना, तर नाही पाठवणार. मी ठेवीन कसंही करून. शिकत नसेल तर मग कशाला कोंडून घालायची? तुम्ही सांगाल तसं."

मी म्हटलं, घाईने काही सांगणार नाही. मार्चअखेर सुगंधा प्रत्येक मुलाच्या घरी एक कागद देते, त्यात आकारांचा शेरा मी लिहिणार आहे, तो वाच. पण मुलीची अडचण आहे. आणि पिशवीतून ते गोलांचं चित्र काढून तिच्यासमोर धरलं. "ही म्हणे तू. बघ, ना हात ना पाय."

श्वेता खूप वेळ बघत राहिली. डोक्यावरून एकदा हात फिरवला, अंबाडा चाचपला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग म्हणाली, "तुम्हाला जास्त कळतं, बाई." आणि गेली. बिचारीला धक्का बसला असणार.

मनात एकच आहे, खरं तेच लिहायचं. मी आयुष्यात कोणाला फुकट एक गुण दिला नाही आणि कोणाचा कापलाही नाही.

२५ मार्च, मंगळवार

आज तास नव्हता, सकाळपासून चौदा शेरे लिहीत बसले. तेरा अकरापर्यंत झाले. विकी, 'आकार ओळखतो, उत्साह फार.' देवेश, 'विचार करून उत्तर देतो.' अक्षताच्या कागदाशी अडकले. विद्याधर चहा घेऊन आले, चित्राकडे बघून म्हणाले, "ही काय, पातेली?"

"माणसं आहेत."

"असं?" त्यांनी चित्र हातात घेऊन उलटं केलं, आडवं केलं. "एका मुलीपाशी एवढी अडली आहेस तर लिहू नकोस आज. थांब दोन दिवस. घरी जाऊन ये तिच्या."

यांचं आपलं उंटावरून शेळ्या हाकणं. चौदा घरी जात बसले तर झालंच. मी लिहून टाकलं. 'आकारांची ओळख अपुरी. निरीक्षण कमी. पहिलीत जाण्याआधी आणखी एक वर्ष बालवाडीत काढावे.'

दुपारी सुगंधाच्या हातात गठ्ठा दिला. तिने अक्षताचा कागद दोनदा वाचला. "बाई, हे असंच देऊ?"

"आहे तसंच."

तिने कागद गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार

या वर्षीचा शेवटचा वर्ग. अक्षता आली नाही. सुगंधा म्हणाली, "ते रविवारी गावाला चाललेत. बाकीचे मे महिन्यात जाऊन जूनला येतात, तसं नाही. हिला तिथेच ठेवणार, तिथल्या शाळेत घालणार. तुमचा कागद हर्षदने फोनवर आईला वाचून दाखवला."

मी म्हटलं, गावच्या शाळा काही वाईट नसतात.

"नसतात ना. मी कुठे म्हटलं?" आणि ती सतरंजी झाडायला लागली.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. खरं लिहिलं मी. खरंच लिहिलं. तरी सहा वर्षांची मुलगी आईवेगळी राहणार ती माझ्या तीन वाक्यांनी, हे डोक्यातून जात नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

कैऱ्या आणल्या होत्या. लोणच्याच्या बरण्या न्हाणीघरावरच्या माळ्यावर, म्हणून शिडी लावून चढले. विद्याधर खाली फरशीवर विळी घेऊन बसले होते. बरणी हाताशी ओढली आणि म्हटलं, "धरा हो." मग खाली पाहिलं.

खाली विद्याधर नव्हते. एक गोल होता. गोलाच्या मध्यावर चकाकणारं टक्कल, भोवती पांढरी कड. गोलाशेजारी परातीचा मोठा गोल, त्यात पातेलीचा गोल. हात पाय काही दिसत नव्हते.

"पद्मा, काय झालं? चक्कर आली का?"

मी शिडीवर तशीच उभी. दोन शेगड्या. तवे तापलेले. 'मी हिला खाली ठेवतच नाही.' खाली नाही तर कुठे, हा साधा प्रश्न मी त्या बाईला विचारला नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत खाली नाही म्हणजे वर. माळ्यावर!

उतरले ती थेट कपाटाशी. चित्र काढून टेबलावर ठेवलं. गोल म्हणजे डोकं. मधली रेघ म्हणजे भांग. मागचा छोटा गोल म्हणजे अंबाडा. बाबांच्या गोलातली चकली म्हणजे केसांतला भोवरा. गोलात गोल म्हणजे शेगडीवर तवा, तव्यावर चपाती. टेबलाचे पाय खाली होते, कारण ते खालीच असतात, वरून दिसत नाहीत. टाकी नुसता गोल होती आणि मी त्या नकाशाने बरोबर रस्त्याला लागले होते. अख्ख्या बालवाडीत वरून पाहता येणारं एकच मूल. दहावीच्या मुलांनाही हे लवकर जमत नाही, इतकी वर्षं मी फळ्यावर घसा फोडला आहे. आणि तिला मी लिहून दिलं, निरीक्षण कमी.

विद्याधर चित्राकडे पाहत होते. म्हणाले, "उद्या तिच्या घरी मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. कैऱ्या तशाच राहिल्या.

१२ एप्रिल, शनिवार

सुगंधा घर दाखवायला आली आणि दारातूनच परत गेली. खोली वाटली त्याहून लहान. श्वेता चपात्या लाटत होती. हर्षद सुट्टी काढून पिशव्या भरत होता. अक्षता माळ्याच्या कडेला पालथी पडून, हनुवटीखाली हात घेऊन खाली बघत होती.

मी म्हटलं, "मला वर जायचं आहे."

"बाई, शिडी लोखंडी आहे, पडाल!" श्वेता लाटणं टाकून उठली. हर्षदने शिडी धरली. माझे गुडघे बोलत होते, पण चढले. वर ताठ बसता येत नाही. उशी, पाटी, बाटली, कडेला आडवी फळी. मी अक्षताशेजारी पालथी झाले. तिने सरकून जागा दिली आणि मला काहीच विचारलं नाही, जशी काही मी रोज येते.

खाली ते चित्र होतं. जसंच्या तसं. मी वरूनच म्हटलं, "श्वेता, हा तुझा भांग. हा अंबाडा."

ती वर न बघता म्हणाली, "हो."

"तुला कळलं होतं?"

"हो ना. तुम्ही दाखवलंत तेव्हाच. म्हटलं, अगो बाय, हा तर माझाच भांग."

"मग बोलली का नाहीस तिथेच?"

ती चपाती उलटत राहिली. "तुम्ही चुकलंय म्हणालात. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. मला वाटलं, मला जे दिसतंय तेच चुकीचं असेल."

खाली उतरायला वेळ लागला, पाय शोधत होता आणि पायरी सापडत नव्हती. अक्षता वरून सांगत होती, "डावा पाय, बाई. अजून खाली. हां."

खाली बसले आणि सांगितलं. तुमच्या मुलीचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलं. ती जे काढते त्याला नकाशा म्हणतात, घरं बांधणारी मोठी माणसं तसंच काढतात, आणि ती हे कोणी न शिकवता करते. चित्राबरोबर नवा कागदही मी आणला होता, लिहूनसुद्धा.

हर्षदने तो वाचला. आवाज न चढवता म्हणाला, "बाई, राग मानू नका. पहिला कागद तुमचाच होता, हा पण तुमचाच. आम्ही कुठला धरायचा?"

मी तो नवा कागद घेतला आणि त्याच्यासमोर फाडला. कोरा कागद मागितला. श्वेताला म्हटलं, "ये, बस इथे. चित्रात काय काय आहे ते तू सांग, मी लिहिते." ती आधी नको नको म्हणाली. मग कणकेचं बोट न टेकवता एकेक गोल दाखवू लागली. ही मी. हे हे. ही परात, हे गोळे, बारा काढलेत बघा, मी बाराच करते एका वेळी. हा कळशीचा काठ. आणि हे इथे कोपऱ्यात काय गो? वरून आवाज आला, "उंदीर." हर्षद पहिल्यांदा हसला.

पानभर झालं. खाली सही करताना मी लिहिलं, 'आधीचा शेरा चुकीचा होता. मी पुरेसं पाहिलं नव्हतं.'

हर्षदने कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "तिकीट उद्याचं आहे. आईने तिथल्या मास्तरांना सांगून ठेवलंय. आता काय बोलत नाही, बाई. जूनला बघू."

तो असंच म्हणणार. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

१५ एप्रिल, मंगळवार

सुगंधाला भेटले. विचारलं, ती दिवसभर माळ्यावर असते हे तुला ठाऊक होतं ना? मग मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही लिहिल्यावर?" ती म्हणाली. "बाई, नववीत मी एकदा तुमच्याकडे पेपर घेऊन आले होते. म्हटलं होतं, माझी रीत वेगळी आहे पण उत्तर बरोबर आहे, एकदा बघा. तुम्ही म्हणालात, जागेवर जा."

मला आठवत नाही. तिला आठवतं.

२० मे, मंगळवार

काही कळलेलं नाही, श्वेताच्या खोलीला अजून कुलूप आहे. सुगंधाने दोनदा फोन केला, लागला नाही. विद्याधर रोज एकदा सहज विचारतात, आणि मी रोज सहज नाही म्हणते. लोणचं मुरलं आहे. मला ते घशाखाली उतरत नाही.

१७ जून, मंगळवार

बालवाडीत नवी मुलं, नऊ. आज पुठ्ठे नेले नाहीत. एक खोका मध्ये ठेवला आणि एकेकाला बाकावर उभं करून वरून बघायला लावलं, मग जमिनीवर निजवून खालून. काय दिसतं ते सांगा म्हटलं, आणि सांगितलेलं लिहून घेतलं. बरोबर-चूक काही म्हटलं नाही, जीभ चावून बसले.

अकराला माझा तास संपल्यावर टेकडी चढून श्वेताच्या खोलीवर गेले. दार उघडं, शेगड्या पेटलेल्या, ती एकटी. मी आधी वर पाहिलं. माळ्यावर पत्र्याची ट्रंक ठेवलेली, त्यावर गाद्यांची वळकटी. उशी नाही, पाटी नाही. बसायला जागाच ठेवली नव्हती. मी उंबऱ्यातच बसले. म्हटलं, तिला तिकडेच ठेवलीत ना? बरोबर केलंत. मी समजू शकते.

"अहो, शाळेत गेलीय!" श्वेता म्हणाली. "पहिलीत घातली. काल पहिला दिवस झाला."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"सासू ऐकायला तयार नव्हती," ती लाटता लाटता बोलू लागली. "म्हणे, बाईंनीच लिहिलानी ना, हिका काय येना नाय. हे पण गप्प. शेवटच्या दिवशी मीच बोलले, सगळ्यांसमोर. आजवर त्या घरात मी एवढ्या आवाजात बोलले नव्हते."

"काय बोललीस?"

"म्हटलं, बाईंका दिसूक नाय. माका दिसता."

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण त्याहून जास्त बरं वाटलं, इतकं की डोळे भरून आले आणि तिने धुराला दोष देऊन शेगडी बारीक केली. दुपारी शाळेनंतर अक्षता सुगंधाकडे बसणार, लहान मुलांना सांभाळायला मदत करणार, असं दोघींचं ठरलं आहे. मला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

सव्वाबाराला श्वेता घड्याळाकडे बघून म्हणाली, "बाई, अजून चाळीस लाटायच्यात. आज तुम्ही आणाल तिला?"

मी गेले. फाटकावर शिपाईमामांनी विचारलं, तुम्ही कोण तिच्या? मी नुसतं नाव सांगितलं. ते वहीत लिहीत होते तेवढ्यात मुलांची रांग आली. अक्षताने मला पाहिलं, दप्तर काढून माझ्या हातात दिलं आणि टेकडीच्या दिशेने पुढे चालू लागली. मी तिच्या मागून गेले.